वरचा मजला कोणाचा?

दहा बाय दहाची खोली, दोन मुलं, एक बंक बेड आणि डोक्यावर गरगरणारा पंखा. कॅटलॉग उघडण्याआधी मेजर टेप बाहेर काढा!

आपल्याकडच्या मुलांची बंक बेडशी पहिली ओळख होते ती रेल्वेत. गाडी स्टेशनातून हलायच्या आत ‘मी वर, मी वर’ सुरू होतं. वरचा बर्थ म्हणजे स्वतःचं राज्य. तिथून सगळा डबा दिसतो, आईचा हात पोचत नाही आणि खालच्यांच्या डोक्यावर चिवडा सांडता येतो. तेच राज्य घरात मिळणार म्हटल्यावर कुठलं पोरगं नाही म्हणेल?

आईबाबांचं कारण मात्र वेगळं असतं. टू बीएचकेमधली दुसरी बेडरूम मुलांची, आणि ती बहुतेक ठिकाणी दहा बाय दहा किंवा दहा बाय अकराची. तिच्यात दोन सिंगल बेड टाकले की अभ्यासाचं टेबल बाल्कनीत जातं. बंक बेड टाकला की साधारण वीस चौरस फूट जमीन परत मिळते. पुण्या-मुंबईतले फ्लॅटचे भाव आठवा, म्हणजे हे वीस फूट किती मोलाचे ते कळेल. आमच्याकडे थोरली आठ वर्षांची आणि धाकटा चारचा. त्यामुळे गेले तीन महिने मी शोरूम, सुतार आणि फॅब्रिकेटर असा दौरा करतेय. भवानी पेठेतलं टिंबर मार्केट झालं, एका वीकेंडला उल्हासनगरचं फर्निचर मार्केटही पालथं घातलं. रंग, कार्टून, ड्रॉवर यांबद्दल सगळे भरभरून बोलतात. एक प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही. तुमच्या खोलीत पंखा कुठे आहे हो?

आधी वर बघा

बंक बेडची बहुतेक डिझाइन्स युरोप-अमेरिकेतल्या फोटोंवरून आलेली. त्या फोटोंमध्ये छताला पंखा नसतो! आपल्याकडे असतो, आणि तोही बरोबर खोलीच्या मध्यभागी. कारण स्लॅब टाकतानाच बिल्डरने हूक तिथे सोडलेला असतो.

आता गणित करू. खोली दहा फुटांची, म्हणजे पंख्याचा मध्य भिंतीपासून पाच फुटांवर. नेहमीचा १२०० एमएमचा पंखा, म्हणजे एका बाजूला दोन फुटांचं पातं. पात्याचं टोक भिंतीपासून तीन फुटांवर आलं. सिंगल गादी तीन फूट रुंद, त्यात फ्रेम आणि कठडा धरला की बेड सव्वातीन फूट. म्हणजे बेडची बाहेरची कड थेट पात्याखाली येते.

उंचीचं गणित त्याहून वाईट. छत नऊ फुटांवर, पंख्याची दांडी फूटभर, म्हणजे पाती जमिनीपासून आठ फुटांवर. वरच्या बेडवर गादी घातल्यावर झोपायची पातळी येते साडेचार फुटांवर. मधे उरले साडेतीन फूट. सात वर्षांचं मूल साधारण चार फुटांचं असतं. ते गादीवर नुसतं उभं राहिलं तरी डोकं पात्यांच्या पातळीच्या वर जातं. गुडघ्यांवर बसून टी-शर्ट काढताना दोन्ही हात वर केले, तरी हात तिथे पोचतात. वर पीओपीचं फॉल्स सीलिंग केलेलं असेल, तर पंखा आणखी खाली येतो.

‘मुलांना सांगून ठेवायचं, उभं राहायचं नाही,’ असं एका दुकानदाराने मला सांगितलं. त्याला स्वतःची मुलं नसावीत!

उपाय आहेत. बेड लांबीच्या बाजूने कोपऱ्यात सरकवून काही इंच मिळतात, पण दहा बाय दहात तेवढ्याने भागत नाही. खरा उपाय म्हणजे छताचा पंखा काढून समोरच्या भिंतीवर जाळीचा वॉल फॅन लावणं. आम्ही तोच ठरवला. इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. छोट्या पात्यांचा पंखा लावला की झालं, असं काही जण सुचवतात. त्याने अंतर वाढतं हे खरं, पण उशी फेकायच्या खेळात अंतराला फारसा अर्थ राहत नाही. आणि भाड्याच्या घरात घरमालक पंख्याला हात लावू देत नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे. तिथे बंक बेड घेऊ नका. खालून ओढायचा दुसरा बेड असलेला सिंगल बेड घ्या. रात्री दोन, दिवसा एक, आणि दोघंही जमिनीजवळ.

पंख्यानंतर खिडकी. नव्या टॉवर्समध्ये बाहेरून ग्रिल लावायला सोसायटी नाही म्हणते. खिडकीचा कट्टा असतो तीन फुटांवर आणि वरची गादी साडेचार फुटांवर. म्हणजे कट्टा ज्या कामासाठी आहे, ते काम तिथे संपलंच. बेड खिडकीला लागून ठेवायचाच असेल तर आतून ग्रिल हवं, अगदी स्क्रूने पक्कं. पडद्याच्या दोऱ्याही वरच्या बेडजवळ लोंबता कामा नयेत.

भिंत आहे की!

आमच्या सुतारकाकांशी माझा सगळ्यात मोठा वाद झाला तो भिंतीकडच्या कठड्यावरून. ‘ताई, तिकडे कशाला? भिंत आहे की!’ त्यांचं म्हणणं ऐकायला पटतं. लाकूडही वाचतं. पण बेड भिंतीला चिकटून राहतो कुठे? खाली स्कर्टिंगची पट्टी असते, मुलं उड्या मारतात, झाडू मारताना मावशी बेड ओढतात. हळूहळू भिंत आणि गादी यांत फट पडते. झोपेत लहान मूल त्या फटीत सरकलं, तर अंग खाली जातं आणि डोकं वर अडकतं. पडण्यापेक्षा हे जास्त भयंकर, कारण आवाजही होत नाही.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने डिसेंबर १९९९मध्ये बंक बेडसाठी सक्तीचे नियम केले आणि ते २०००मध्ये लागू झाले, त्यामागे मुख्य कारण होतं ते मुलं अशी अडकून दगावण्याचं. म्हणूनच त्या नियमांत वरच्या बेडला दोन्ही बाजूंनी कठडा लागतो, आणि भिंतीकडचा कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग हवा. दुसऱ्या बाजूला चढण्यासाठी जागा सोडायची, पण कठड्याच्या टोकापासून बेडच्या टोकापर्यंत १५ इंचांपेक्षा जास्त नाही. वरच्या बेडच्या कठड्यात किंवा फळ्यांमध्ये साडेतीन इंचांची फट असता कामा नये, तिच्याहून कमीच हवी. बाजारातले बरेच लोखंडी बंक बेड इथेच नापास होतात. दोन आडवे पाइप आणि मधे वीतभर मोकळी जागा! दिसतं मस्त, हवाही खेळते, पण मुलाचं अंग त्यातून आरामात जातं. फॅब्रिकेटरकडून करून घेत असाल तर मधे आणखी एक-दोन पाइप वेल्ड करून घ्या. त्याला जेमतेम तासभर लागतो.

कठडा किती उंच? सगळा घोळ इथेच होतो. दुकानात कठडा मोजतात तो फळीपासून. नियम मोजतात तो गादीच्या वरच्या पृष्ठभागापासून. अमेरिकेत गादीच्या वर किमान ५ इंच, युरोपच्या मानकात १६ सेंटिमीटर. माझ्या एका मैत्रिणीने दहा इंची कठड्याचा देखणा बेड घेतला. मग मुलाला मऊ लागावं म्हणून आठ इंची स्प्रिंगची गादी, त्यावर आजीची गोधडी. उरला दीड इंच! तो कठडा नव्हे, ती पट्टी झाली. वरच्या बेडसाठी चार-पाच इंची फोम किंवा काथ्याची गादी पुरते. मुलांचं वजन कितीसं असतं? जाड गादीची हौस खालच्या बेडवर भागवा.

आपल्याकडेही आता बंक बेडसाठी भारतीय मानक ब्युरोचं वेगळं मानक आहे, आयएस १७६३६. ब्रँडेड माल घेताना त्याबद्दल जरूर विचारा. सेल्समनचा चेहरा बघूनच बरंच काही कळतं.

सहा म्हणजे सहाच

आता सगळ्यात अवघड भाग. सहा वर्षांखालच्या मुलाने वर झोपायचं नाही. अमेरिका असो वा युरोप, बेडवरच्या लेबलवर हीच ओळ असते. हा आकडा काही उगाच नाही. झोपेतून अर्धवट उठून अंधारात शिडी उतरणं हे चार वर्षांच्या मुलाचं काम नव्हे. त्याचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, आणि पडताना हात पुढे टाकायची सवय अजून पक्की झालेली नसते. अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या इमर्जन्सी विभागांतल्या नोंदींवरून १९९० ते २००५ या काळाचा एक अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार तिथे दर वर्षी सरासरी ३६ हजारांच्या आसपास मुलं आणि तरुण बंक बेडमुळे जखमी होऊन आले, आणि जवळपास तीन चतुर्थांश दुखापती पडल्यामुळे होत्या.

नियम वाचायला सोपा, पण घरात राबवायला? आमच्याकडे रोज रात्री महाभारत होणार हे मला दिसतंच आहे. ‘ताई वर, मग मी का नाही?’ याला उत्तर म्हणून मी एक युक्ती ठरवली आहे. शिडी काढता येईल असाच बेड घ्यायचा, आणि दिवसभर ती कपाटामागे ठेवायची. रात्री थोरली वर चढली की शिडी लागेल आणि तिला उतरता यावं म्हणून सकाळपर्यंत तिथेच राहील. त्यामुळे धाकट्यावर रात्री लक्ष ठेवावं लागणारच, पण निदान दुपारची पायरेगिरी बंद. मोठ्ठे फिक्स जिने, ज्यांच्या प्रत्येक पायरीत ड्रॉवर असतो, ते चढायला खरंच सुरक्षित आणि सामानाला सोयीचे. पण घरात लहान भावंडं असेल तर ते त्याच्यासाठी चोवीस तास उघडं दार आहे. शिवाय दीड फूट जागा खातात.

पाहुणे आले की खरी परीक्षा. मे महिन्यात मामाची, आत्याची मुलं येतात आणि वरच्या बेडवर चार जणांचा दंगा सुरू होतो. त्यात एखादं पाच वर्षांचं असतंच. अशा वेळी बहिणीला किंवा वहिनीला तोंडावर सांगावं लागतं, ‘अगं, याला वर नको गं झोपवू.’ थोडा रुसवा होतो. होऊ दे.

आणि झोप येणार का?

सुरक्षित आहे पण मूल तिथे झोपतच नाही, तर उपयोग काय? गरम हवा वर जाते हे शाळेत शिकलोय. एप्रिलच्या रात्री वरच्या बेडवर ते अंगावर अनुभवता येतं. त्यात छताचा पंखा काढला, तर वॉल फॅनची उंची वरच्या गादीला वारा लागेल अशी हवी, आणि खालच्यासाठी वेगळा छोटा क्लिप फॅन. एसी असेल तर उलट भानगड. त्याचा झोत थेट वरच्याच्या तोंडावर येतो आणि सकाळी शिंका सुरू.

खालच्या बेडचीही कोणी चौकशी करत नाही. तिथे बसून तुम्ही रोज गोष्ट सांगणार असता. खालची गादी ते वरची फळी यांत निदान तीन फूट नसतील, तर दर रात्री तुमचं डोकं आपटणार. शोरूममध्ये लाजू नका. चपला काढा, खाली बसा, ताठ व्हा. मी बसले. सहापैकी चार बेडमध्ये मान वाकवावी लागली.

शिडीवर मुलाला अनवाणी चढवून बघा. गोल पाइपच्या पायऱ्या तळव्याला टोचतात. चपट्या, रुंद पायऱ्या आणि थोडी तिरपी शिडी असली की बाथरूमसाठी रात्री उठणारं मूल नीट उतरतं. जवळ नाइट लॅम्प हवाच.

मच्छरदाणीचा प्रश्न मला प्रत्येक आजी विचारते. डेंग्यूच्या दिवसांत तो रास्तही आहे. पण वरच्या बेडच्या खांबांना दोऱ्या बांधू नका. दोऱ्या, ओढण्या, स्किपिंग रोप, दप्तराचे पट्टे, यांतलं काहीही बेडवरून लोंबलं की गळ्याला फास बसायची भीती असते. त्यापेक्षा खिडकीलाच जाळी लावा.

मटेरियलचं म्हणाल तर दर दोन-तीन वर्षांनी घर बदलणाऱ्यांनी पार्टिकल बोर्डाच्या वाटेला जाऊ नये. त्यात एकदा काढलेला स्क्रू दुसऱ्यांदा तसा घट्ट बसत नाही. नट-बोल्टचा लोखंडी बेड शिफ्टिंगला उत्तम, फक्त करकरतो. सुतारकाम करून घेणार असाल तर वरच्या फळीखाली आडवे आधार किती घालणार ते आधी ठरवा. कधीतरी ताप आलेल्या लेकीशेजारी तुम्हीही वर जाऊन आडवे होणार, तेव्हा वजन फक्त मुलाचं नसेल. पावसाळा संपला की लाकूड आकसतं, बोल्ट ढिले होतात. दसऱ्याला गाडीची पूजा करतोच, त्याच दिवशी पाना घेऊन बेडवरूनही एक फेरी मारा.

आणि दोन स्वतंत्र सिंगल बेड होतील असाच घ्या. जोडणाऱ्या पिना लोखंडी आहेत ना, आणि वरचा बेड हलवला तरी उचकटत नाही ना, ते शोरूममध्येच बघा. थोरली तेरा-चौदाची झाली की तिला वरचं राज्य नको असतं, तिला दाराला कडी हवी असते.