स्लोला थरथरणारे इंजिन : जुन्या मालमोटारीच्या दोषाची पारख

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की वर्षानुवर्षे रस्त्यावर झिजलेल्या मालमोटारी पुन्हा साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. यांतील पुष्कळशा मोटारी एकाच मालकाच्या एकमेव मोटारी असतात. तिच्यावर कर्जाचा हप्ता, चालकाचा पगार आणि दोन घरांची चूल अवलंबून असते. अशी मोटार उभी असताना थरथरू लागली, आरसे हलू लागले, एक्झॉस्टचा आवाज लंगडा झाला, म्हणजे चालक म्हणतो, “इंजिन मिसिंग करतंय.” मग कोणी पंप उतरवावयास सांगतो, कोणी थेट इंजिन उघडावयास सांगतो. वस्तुतः दोष अनेकदा एखाद्या तांब्याच्या वॉशरमध्ये किंवा सैल पाइपमध्ये दडलेला असतो. तो क्रमाने कसा शोधावा, हे समजावून देणे हा या लेखाचा हेतू आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडून औद्योगिक प्रशिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग व्हावा.

उदाहरणादाखल आपण टाटा ६९७ हे इंजिन डोळ्यांसमोर ठेवू. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूर येथे मालमोटारी बनविण्यास प्रारंभ केला. त्याच परंपरेतील हे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन होय. सिलिंडरचा व्यास ९७ मिलिमीटर असल्याने सहा आणि सत्त्याण्णव मिळून हा क्रमांक बनला. यात संगणक नाही, सेन्सर नाही. सहा पाइपांचा यांत्रिक पंप प्रत्येक सिलिंडरला आळीपाळीने डिझेल पुरवितो. त्यामुळे दोष शोधण्यास यंत्रापेक्षा कान, डोळे आणि विचार यांचीच अधिक गरज लागते.

दोष स्लोलाच का दिसतो?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की तिचे तापमान पाचशे अंशांच्या पुढे जाते आणि त्या तप्त हवेत नोझलने उडविलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणजे प्रत्येक सिलिंडरला तीनच गोष्टी हव्यात: पुरेशी हवा, पुरता दाब आणि योग्य क्षणी बारीक फवाऱ्याच्या रूपाने आलेले डिझेल. या तिहींपैकी एक जरी उणी पडली, तरी तो सिलिंडर काम सोडतो.

इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे सेकंदाला ५ वेळा पेटतो. सहांचे मिळून ३० ठोके होतात. त्यांतला एक सिलिंडर गप्प झाला की सेकंदाला ५ वेळा पोकळी पडते, आणि तीच आपल्याला थरथरीच्या रूपाने जाणवते. शिवाय स्लोला प्रत्येक वेळी मिळणारे डिझेल एका थेंबाहूनही कमी असते. इतक्या अल्प मात्रेत थोडासा फरकही मोठा ठरतो. रेस वाढविली की मात्रा वाढते, फ्लायव्हीलचा वेग वाढतो आणि दोष झाकला जातो. दोष झाकला गेला म्हणजे तो गेला असे नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

पान्याला हात लावण्यापूर्वी

प्रथम चालकाला विचारावे. थरथर फक्त सकाळी थंड इंजिनात होते की दिवसभर? हळूहळू वाढली की एकाएकी सुरू झाली? फिल्टर बदलल्यावर किंवा टाकीतील डिझेल संपल्यावर तर सुरू झाली नाही ना? या उत्तरांतून अर्धी वाट सापडते.

नंतर स्लोचा वेग तपासावा. वेग कंपनीच्या पुस्तकातील आकड्यापेक्षा कमी ठेवला असेल, तर निर्दोष इंजिनही हलते. इंजिनाखालील रबरी फाउंडेशन फाटले वा दबले असेल, तर इंजिन नीट चालत असूनही केबिन थरथरते.

मग लय ऐकावी. ठराविक अंतराने लंगडणारा आवाज एका सिलिंडरकडे बोट दाखवितो. वेग आपोआप चढत-उतरत असेल, तर दोष सर्वांना सामाईक असलेल्या ठिकाणी, म्हणजे डिझेलच्या पुरवठ्यात किंवा गव्हर्नरमध्ये असण्याचा संभव अधिक.

धूरही पाहावा. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. स्लोलाच काळा धूर येत असेल, तर एखादे नोझल फवारण्याऐवजी गळत असावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरी वाफ येत असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी.

हवा धरली आहे काय?

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वारंवार आढळणारे कारण म्हणजे डिझेलमध्ये शिरलेली हवा. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी डिझेल ओढून घेते. तिच्यात बारीक फट असेल, तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून बाहेरून सारे कोरडे दिसते आणि मिस्त्री फसतो. रात्रभर उभी राहिलेली मोटार सकाळी उशिरा सुरू होणे, ही याची खूण.

या नळीच्या जागी थोडा वेळ पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. दुसरा उपाय म्हणजे स्वच्छ डिझेलचा डबा उंचावर ठेवून त्यातून फीड पंपाला डिझेल देणे. हवा काढल्यावर थरथर थांबली, तर दोष टाकीच्या बाजूच्या नळीत, तिच्या सांध्यांत किंवा वॉशरमध्ये आहे. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले नाही ना, आणि फिल्टर तुंबला नाही ना, हेही याच वेळी पाहावे. हवा काढताना प्रथम फिल्टरचा व नंतर पंपाचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा आणि बुडबुडेविरहित डिझेल आल्यावरच स्क्रू आवळावा.

गप्प सिलिंडर ओळखणे

हवा नाही याची खात्री झाली आणि लंगडेपणा कायम राहिला, तर सिलिंडर एकेक करून तपासावे. इंजिन स्लोला चालू ठेवून एका नोझलवरील पाइपचा नट अर्धा फेरा सैल करावा. त्या सिलिंडरचे डिझेल बंद होते. इंजिनाचा आवाज अधिक बिघडला, तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर गप्प सिलिंडर तोच. नट आवळून मगच पुढच्याकडे जावे.

येथे सावधगिरी अनिवार्य आहे. दाबाखालील डिझेलची धार कातडीतून आत शिरू शकते. वरून जखम किरकोळ दिसली तरी ती गंभीर असते आणि तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. म्हणून चष्मा घालावा, नटाभोवती जाड फडके धरावे, बोटे धारेसमोर नेऊ नयेत आणि तापलेल्या एक्झॉस्टवर डिझेल पडू देऊ नये. ही चाचणी केवळ जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांसाठी आहे. नव्या कॉमन रेल इंजिनात दाब कितीतरी पटींनी अधिक असतो. तेथे चालू इंजिनाचा नट सैल करणे जिवावर बेतू शकते.

नोझल, दाब की पंप?

समजा, चौथा सिलिंडर गप्प आढळला. त्याचा नट सैल करताच पांढरा धूर कमी झाला, तर डिझेल येत होते पण जळत नव्हते, असा अर्थ निघतो. मग दोष नोझलमध्ये किंवा दाबात. उलट, धूर नव्हताच आणि सैल नटातून इतरांपेक्षा कमी डिझेल आले, तर पंपाकडे पाहावे लागेल.

नोझलची परीक्षा अदलाबदलीने होते. चौथ्याचे नोझल पहिल्यात आणि पहिल्याचे चौथ्यात बसवावे. बसविताना तांब्याचे वॉशर नवे वापरावे आणि जुने आत चिकटून राहिले नाही याची खात्री करावी. आता पहिला सिलिंडर गप्प झाला, तर दोष नोझलबरोबर सरकला. नोझल दोषी ठरले. ते टेस्टरवर लावून उघडण्याचा दाब, फवाऱ्याचा आकार आणि टोकाला थेंब लोंबतो काय, हे पाहतात. देशातील असंख्य मालमोटारींत बसलेली ‘मायको’ नोझल नाशिकच्या सातपूर येथील कारखान्यात तयार होत आली आहेत, ही आपल्या महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्षणीय बाब.

चौथाच गप्प राहिला, तर नोझल निर्दोष. आता टॅपेट तपासावेत. टॅपेटची फट अजिबात उरली नसेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि दाब निसटतो. केवळ फट जुळविल्याने इंजिन पूर्ववत झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. त्यानंतर गेज लावून सहाही सिलिंडरांचा दाब मोजावा. आकड्यापेक्षा त्यांच्यातील तफावत अधिक बोलकी असते. शेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी भरले, तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट फुटले असावे. एकच कमी असेल, तर व्हॉल्व्ह, रिंगा किंवा लायनर.

हे सर्व ठीक ठरल्यावरच पंप उतरवावा. त्यातील डिलिव्हरी व्हॉल्व्ह, एलिमेंट, गव्हर्नर आणि प्रत्येक पाइपला मिळणाऱ्या डिझेलचे मोजमाप ही कामे बेंचवरच होतात. रस्त्याकडेला पंपाचे सील तोडून स्क्रू फिरविणे हा उपाय नव्हे.

स्लो वाढविणे ही दुरुस्ती नव्हे

घाईत अनेक जण स्लोचा स्क्रू आवळून थरथर दडपतात. त्याने डिझेल अधिक जळते आणि दोष आतल्या आत वाढतो. गळणारे नोझल पिस्टनचा माथा जाळू शकते. न जळलेले डिझेल लायनरवरील ऑइल धुऊन खाली उतरते, ऑइल पातळ करते आणि बेअरिंगा झिजवते. वेळीच बदललेल्या वॉशरने वाचणारे इंजिन अशा दुर्लक्षाने पूर्ण उघडावे लागते, आणि ऐन हंगामात मोटार आठवडे उभी राहते.

म्हणून कार्यशाळेत शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही ठेवावी. तीत लक्षण, केलेली चाचणी, तिचा निष्कर्ष आणि बदललेला भाग यांची नोंद करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कशामुळे काय झाले हे निश्चित कळते. स्वस्त आणि बाहेरील कारणे आधी, महाग आणि आतील कारणे नंतर, हा क्रम सोडू नये. ज्याच्या हाती हा क्रम आहे, त्याच्यावर मालक मोटार सोपवितो आणि चालक विश्वास टाकतो.