लेकरांना घेऊन सातासमुद्रापार

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयात एक जोडपे आले. ताई महाविद्यालयात शिकवतात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडमध्ये पीएच.डी. करण्यासाठी त्यांची निवड झालेली. पती नोकरीत, त्यांना बिनपगारी रजा मिळते. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची. घरच्यांचे म्हणणे, मुलांना आजीकडे ठेवा, तीन वर्षे बघता बघता जातील. शाळेने सांगितले, नाव कमी होईल, परतल्यावर मुलांचे वर्ष वाया जाईल. ताईंनी विचारले, "वकीलसाहेब, आम्ही काय करावे?" खरे सांगायचे तर प्रथम आम्हीही म्हणालो, "आजीकडेच ठेवा." रात्री ते उत्तर आमचे आम्हालाच खटकले.

असे उत्तर आमच्या तोंडी आले कुठून? परदेशी जायचे ते एकट्याने आणि मागे घराने सोसायचे, हेच आपण पाहत आलो. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा यशवंत वर्षाचाही नव्हता. रमाईने मुंबईत काय सोसले ते आपण जाणतो. पण ती बाबासाहेबांची निवड नव्हती, ती परिस्थितीची सक्ती होती. सक्तीला आपण परंपरा समजू लागलो तर चूक आपली आहे.

मुलांना बरोबर घेऊन गेलेला एक बापही मराठी मुलखात होऊन गेला. पालीचे पंडित धर्मानंद कोसंबी १८९९ साली तान्ह्या मुलीला मागे ठेवून ज्ञानाच्या शोधात घराबाहेर पडले. नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असे हिंडून बुद्धाचा धम्म मुळातून शिकले. विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी १९१० साली हार्वर्डला गेले तेही एकटेच. मात्र १९१८ साली पुन्हा अमेरिकेला निघाले तेव्हा त्यांनी थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना सोबत नेले. ज्या मुलीला तान्हेपणी सोडले होते, ती रॅडक्लिफ कॉलेजात शिकली. दामोदर केंब्रिजच्या शाळेत शिकला, तिथल्या मुलांबरोबर बालवीर झाला आणि १९२९ साली हार्वर्डचा पदवीधर झाला. हेच पुढचे दामोदर धर्मानंद कोसंबी. परदेशात वाढलेला हा माणूस परत येऊन पुण्याच्या टेकड्यांवर दगडी हत्यारे शोधत फिरला, खेड्यातील देवदेवतांची ठाणी पाहत हिंडला आणि १९५६ साली त्याने भारताच्या इतिहासाकडे पाहण्याची नवी दृष्टी देणारा ग्रंथ लिहिला. लहानपणी दूर गेल्याने आपला मुलूख परका होतो, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

अर्थात कोसंबी सारस्वत घरातले होते आणि त्यांना बोलावणारे हार्वर्ड होते. त्यांच्या पत्नी बाळाबाई इकडेच राहिल्या. म्हणजे तिथेही किंमत एका बाईनेच मोजली. हे विसरून चालणार नाही.

आपल्या मुलांसाठी तर या प्रवासाचा अर्थ आणखी वेगळा आहे. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला भीमराव मसूर स्टेशनवर उतरला. जात कळताच गाडीवाल्यांनी पाठ फिरवली. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनीच बैलगाडी हाकली आणि रात्रभर पाण्यावाचून काढली. प्रवासाने त्या मुलाला पहिला धडा शिकवला तो जातीचा. पुढे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे की, अमेरिका आणि युरोपातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. १९१७ साली बडोद्याला राहायला जागा मिळेना तेव्हा ती परत आली. बावीस वर्षांच्या तरुणाला जे मिळाले, ते नवव्या वर्षी मिळाले तर त्या मुलाची मान किती ताठ होईल!

तरी भाबडेपणा नको. आपल्या देशातील माणसे जातीला सामानात बांधून विमानाने नेतात. म्हणूनच तर २०२३ साली अमेरिकेतील सिएटल शहराला जातीभेदाविरुद्ध कायदा करावा लागला. परदेशातही कोणी आडनाव विचारून जात ताडू पाहील, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगितले पाहिजे.

आता कायद्याचे. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंब नेता येत नाही, पीएच.डी. करणाऱ्यांना मात्र येते. मुलांना तिथल्या सरकारी शाळेत फी पडत नाही. पण शिष्यवृत्ती विद्यार्थ्याची असते, बालबच्च्यांची नव्हे. २०२४ च्या दराने आरोग्य शुल्कच प्रत्येक मुलामागे वर्षाला ७७६ पौंड. तिकीट, व्हिसा, घरभाडे वेगळे. हा हिशेब आधी मांडावा. आणि शाळेची धमकी? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ४ नुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. त्याच खासगी शाळेतील तीच जागा मिळेल याची हमी कायदा देत नाही, पण वर्ष वाया जाण्याची भीती निराधार आहे.

ज्यांच्याकडे शिष्यवृत्ती नाही त्यांनी काय करावे? लुंबिनीही परदेशातच आहे. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सोनौलीची सीमा. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. आपल्या सहली तिथे फोटो काढून तासाभरात निघतात. त्याऐवजी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसह पंधरा दिवस राहा. अनेक देशांनी बांधलेले विहार तिथे आहेत. बुद्ध फक्त आपल्या वस्तीचा नाही, तो जगाचा आहे, हे मुलांना भाषणाने कळत नाही, तिथे राहिल्याने कळते.

ताईंना आम्ही दुसऱ्यांदा बोलावले आणि आमचे पहिले उत्तर मागे घेतले. मुलांना न्या, पण घरात मराठीच बोला, आजीला दर आठवड्याला मुलांच्या हातचे पत्र येऊ द्या, एवढेच सांगितले. समाजातील नोकरदार बांधवांनो, लग्नात आणि बंगल्यांवर आपण लाखो उडवतो. एखाद्या संशोधक भगिनीच्या लेकराचे विमानाचे तिकीट काढायला किती हात पुढे येतील? बाबासाहेबांना एकट्याने जावे लागले. आपल्या लेकींवर तीच पाळी आणू नका.