शिकणारा एक, विकत घेणारा दुसरा

ऑनलाइन अभ्यासक्रम एकेका विद्यार्थ्याला विकणे आणि तोच कंपनीला विकणे हे वरवर सारखे दिसले, तरी ते दोन निराळे धंदे आहेत. पहिल्यात फी भरणारा आणि शिकणारा एकच असतो. त्याला कंटाळा आला की तो व्हिडिओ बंद करतो. बुडाले तर पैसे त्याचेच. दुसऱ्यात निवड करतो सुरक्षा अधिकारी किंवा मनुष्यबळ विभाग, पैसे सोडतो लेखा विभाग, आणि शिकायला बसतो तिसराच. पुढचे सारे बदल या एका फाटाफुटीतून निघतात.

धंद्याचे हे वळण जुने नाही. 2010 साली सुरू झालेल्या युडेमीचे 2023 मध्ये निम्म्याहून अधिक उत्पन्न कंपन्यांकडून आले. कोर्सेराने कंपन्यांसाठीची सेवा 2016 मध्ये काढली. मुंबईची अपग्रॅड 2015 साली नोकरदारांना ऑनलाइन अभ्यासक्रम विकायला निघाली, 2021 मध्ये तिने नॉलेजहट ही प्रशिक्षण कंपनी घेतली. कंपन्यांसाठी तिने स्वतंत्र विभागही उभा केला. यामागचा हिशेब सरळ आहे. एकेक गिऱ्हाईक मिळवायला जाहिरातीवर फार खर्च होतो. कंपनीबरोबरच्या एका करारात शेकडो जण येतात. शिवाय फीवरचा 18 टक्के जीएसटी विद्यार्थ्याला स्वतः सोसावा लागतो, तर कंपनी त्याची वजावट घेऊ शकते.

विक्रेत्याला पहिल्यांदा अडवते ती एक छोटीशी तांत्रिक यंत्रणा. मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे प्रशिक्षण पोर्टल असते आणि बाहेरचा अभ्यासक्रम त्यात बसावा लागतो. या जोडणीचा सर्वाधिक पसरलेला नमुना म्हणजे स्कॉर्म. तो अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने तयार झाला आणि त्याची 2001 ची 1.2 ही आवृत्ती अजूनही सर्रास चालते. कामगार कुठे थांबला, काय उत्तरे दिली, याच्या नोंदीला ती फक्त 4096 अक्षरांची जागा देते. लांबलचक अभ्यासक्रम त्यात मावत नाही, म्हणून त्याचे दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करावे लागतात. शेवटी पोर्टलला जे कळते ते एवढेच: पूर्ण की अपूर्ण, पास की नापास, किती गुण, किती वेळ. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे हीच नोंद ठेवली जाते. तुकडे पाडल्याने शिकवणे सुधारते, हे मान्य करायला हवे. पण ‘पूर्ण’ ही खूण हाताला आलेल्या सवयीचा पुरावा होऊ शकत नाही, आणि रासायनिक कारखान्यात हा फरक जिवावर बेततो.

उदाहरणार्थ, महाडची औद्योगिक वसाहत मुख्यतः रसायने आणि औषधी द्रव्यांची आहे. मुंबईहून येताना तिच्या अलीकडे, मुंबई-गोवा महामार्गावर सावित्रीच्या काठी दासगाव आहे. अशा गावांतल्या तरुणांसाठी नोकरीची जवळची वाट म्हणजे आयटीआय करून केमिकल प्लांटचा ऑपरेटर होणे. सुरक्षेचा अभ्यासक्रम पोहोचायचा तो या ऑपरेटरपर्यंत.

तो ऑफिसातल्या माणसासारखा टेबलाशी बसलेला नसतो. ज्वालाग्राही सॉल्व्हंटच्या भागात साधा मोबाइल नेता येत नाही. म्हणजे मोबाइलवरचा धडा जिथे उपयोगी पडायचा, नेमका तिथेच तो उघडता येत नाही. तो पाहायचा प्रशिक्षणाच्या खोलीत किंवा घरी, रात्रपाळी करून आल्यावर. म्हणून इथे चालणारी मांडणी मिश्र असते: रिअॅक्टरमध्ये उतरण्यापूर्वीची परवानगी, आतल्या हवेची तपासणी, बाहेर थांबणाऱ्याचे काम हे आधी मराठीत आणि हिंदीत छोट्या व्हिडिओतून दाखवायचे, आणि पाळीच्या सुरुवातीच्या टूलबॉक्स टॉकमध्ये पर्यवेक्षकाने प्रत्यक्ष करून घ्यायचे. भोपाळच्या वायुगळतीनंतर, 1987 च्या दुरुस्तीने, तेव्हाच्या कारखाने कायद्यात आरोग्य आणि सुरक्षेचे प्रशिक्षण मिळवणे हा कामगाराचा हक्क म्हणून लिहिला गेला. महाडमध्येच नोव्हेंबर 2023 मध्ये एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि कामगारांचे जीव गेले. त्या हक्काचे मोल इथे वेगळे सांगावे लागत नाही.

अडचणींचा मोठा भाग पैशाचा आहे. विद्यार्थी फी आधी भरतो. कंपनी आधी नमुना पाहते, मग पर्चेस ऑर्डर, मग काम, मग बिल. बिलातून टीडीएस कापला जातो. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे बिल 45 दिवसांच्या आत द्यावे, असे 2006 चा कायदा सांगतो, आणि 2023 च्या वित्त कायद्याने उशीर करणाऱ्या कंपनीला त्या खर्चाची प्राप्तिकरातली वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळेनाशी केली. तरीही या तरतुदीचा आधार घ्यायचा तर विक्रेत्याने आधी उद्यम नोंदणी केलेली असावी लागते, आणि मोठ्या गिऱ्हाइकाशी भांडायची तयारी लागते. लहान संस्था ती सहसा दाखवत नाही.

दुसरी अडचण पावसाची. जुलै 2021 मध्ये महाड शहर बुडाले, वीज आणि मोबाइलची सेवा कोलमडली. इथे विकायचा अभ्यासक्रम नेटशिवायही चालला पाहिजे, आणि नोंदी नंतर पोर्टलवर चढल्या पाहिजेत.

सर्वात अवघड अडचण मात्र दराच्या पद्धतीतच दडलेली आहे. करार डोक्यागणिक होतो, आणि कंपनी डोकी मोजते ती स्वतःच्या हजेरीपटावरची. टाकी साफ करणारे, पिंपे हलवणारे, शटडाऊनच्या काळात वेल्डिंग करणारे बहुधा ठेकेदाराचे असतात आणि दर काही महिन्यांनी बदलतात. त्यांच्या नावाने पोर्टलवर खाते नसते, म्हणून त्यांची नोंद ना पूर्ण दिसते ना अपूर्ण. हा धंदा करणाऱ्याने दर माणसांवर न लावता संपूर्ण प्लांटवर लावावा आणि ठेकेदाराची माणसे करारात पहिल्याच दिवशी लिहून घ्यावीत. नफा थोडा कमी होईल, पण ज्यांना टाकीत उतरायचे आहे त्यांच्यापर्यंत शिकवणे पोहोचेल.