दुसरीकडे कुठे आहे का?

सकाळी ६

मे महिन्यात रायपूरचं काम उन्हाच्या आधी सुरू करावं लागतं. दुपारी पारा ४४-४५ अंशांवर गेला की माणूस आणि मशीन दोघंही दमतात. आमचं घर तात्यापाऱ्यात. घरात मराठी, बाजारात हिंदी, खेड्याकडून आलेल्या माणसाशी छत्तीसगढी, अशा तीन भाषा माझ्या रोजच्या दिवसात येतात. माझा धंदा संगणक दुरुस्तीचा. दुकान जयस्तंभ चौकाच्या बाजूला, पण निम्मा दिवस मोटरसायकलवर जातो.

पिशवी मी रात्री भरत नाही, सकाळीच भरतो, म्हणजे काय नेतोय ते डोक्यात राहतं. स्क्रू ड्रायव्हर, मऊ ब्रश, खोडरबर, थर्मल पेस्टची ट्यूब, दोन एसएमपीएस, नाण्याएवढ्या बॅटऱ्यांचं पाकीट, एक रिकामी हार्ड डिस्क. ही रिकामी डिस्क सगळ्यात महत्त्वाची. ती का, ते पुढे येईलच. डोक्याला गमछा, दोन बाटल्या पाणी, आणि निघालो.

सकाळी साडेसात

आज २० तारीख. जीएसटीचं मासिक ३बी विवरण भरायचा शेवटचा दिवस. १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हापासून आमच्या धंद्याचं पंचांगच बदललं. ११ आणि २० या तारखांना शहरातल्या सीएंचे फोन हमखास येतात.

आजचा पहिला फोन समता कॉलनीतल्या एका ऑफिसातल्या ताईंचा. "दादा, पोर्टल उघडतच नाहीये. कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतंय. दुसऱ्या मशीनवर चालतंय." मी विचारलं, "ताई, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसते?" त्या क्षणभर थांबल्या. "२०१५."

मदरबोर्डवर ३ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम. ती संपली की मशीन प्रत्येक सकाळी जुन्याच काळात जागं होतं. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते. संगणकाला २०१५ साल वाटत असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून तो दार लावून घेतो. ताईंना फोनवरच तारीख बदलायला सांगितली. पोर्टल उघडलं. बॅटरी संध्याकाळी बदलतो म्हणालो. त्यांना वाटलं होतं की व्हायरस आला, सगळं गेलं. या कामात निम्मं दुखणं भीतीचं असतं. शांतपणे एक प्रश्न विचारला की ते उतरतं.

सकाळी ९

बिलासपूर रस्त्यावर सिलतरा. रायपूरच्या या बाजूला स्पंज आयर्नचे आणि पोलादाचे कारखाने दाटीने उभे आहेत. लोहखनिज आणि कोळसा फिरत्या भट्टीत हजारेक अंशांवर तापवून स्पंज आयर्न करतात, आणि त्याची काळी धूळ छपरांवर, झाडांच्या पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. ती संगणकातही शिरते.

कारखान्याच्या फाटकाशी धरमकाटा, म्हणजे ट्रक तोलायचा वजनकाटा. ट्रकांची रांग लागलेली. काट्यावरचा मुलगा धावत आला. "भइया, वजन नइ आवत हे."

मी आधी मशीन उघडत नाही. आधी विचारतो, काल काय हलवलं? तो म्हणाला, काही नाही. मग आठवून म्हणाला, झाडताना वायर निघाली होती, ती परत लावली. परत लावली खरी, पण दुसऱ्या भोकात. काट्याचा आकडा एका जुन्या पद्धतीच्या सीरियल वायरने, यूएसबी अडॅप्टरमधून, संगणकात येतो, आणि तो अडॅप्टर दुसऱ्या जागी खोचला की विंडोज त्याला नवा पोर्ट क्रमांक देतं. सॉफ्टवेअर बिचारं तीन नंबरच्या दाराशी बसून राहिलं होतं आणि वजन येत होतं पाच नंबरने. दोन मिनिटांचं काम. पहिला ट्रक सरकला.

मग जेवणाच्या सुट्टीची वाट न पाहता पाच मिनिटं मागून कॅबिनेट उघडलं. आत काळा थर. साधी धूळ उष्णता कोंडते. या धुळीत लोखंडाचे आणि कोळशाचे कण असतात, चुंबक फिरवला तर चिकटतात, आणि ती वीजही वाहून नेऊ शकते. सर्किटच्या दोन टोकांमध्ये ती बसली की एके दिवशी ठिणगी. म्हणून इथली मशीनं वर्षातून एकदा साफ करून भागत नाही, दोन-तीन महिन्यांनी करावी लागतात. पंखा बोटाने धरून ठेवायचा आणि मगच ब्लोअर मारायचा, नाहीतर हवेने तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. रॅमचे सोनेरी दात खोडरबराने पुसायचे. एवढंच, पण मन लावून.

निघताना माझा नेहमीचा प्रश्न: "वजनांची नोंद दुसरीकडे कुठे आहे का?" मुलाने अभिमानाने पेनड्राइव्ह दाखवला. संगणकाच्या मागे खोचलेला, वर्षभर न काढलेला. मी त्याला २०१७ सालच्या मे महिन्यातली गोष्ट सांगितली. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने दीडशेवर देशांत संगणकांतल्या फायली कुलूपबंद केल्या होत्या. असा व्हायरस आला की त्या क्षणी मशीनला जे जोडलेलं असेल तेही कुलपात जातं. कायम खोचलेला पेनड्राइव्ह म्हणजे घराची दुसरी किल्ली त्याच कुलपाला लटकवून ठेवणं. काढून टेबलाच्या खणात ठेव, आठवड्यातून एकदा लाव. त्याने तो माझ्यासमोर काढला.

दुपारी १

दुकानात परत. बाहेर डांबर मऊ झालंय. या वेळी येणारं काम बहुतेक उन्हाचंच. आज यूपीएस तीन आले. आतली १२ व्होल्टची बॅटरी २५ अंशांच्या आसपास सुखी असते. त्यावर दर दहाएक अंश तापमान वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. रायपूरच्या बंद खोलीत, टेबलाखाली, भिंतीला चिकटवून ठेवलेला यूपीएस लवकर मरणारच. मी बॅटरी विकतो, तरी गिऱ्हाइकाला आधी सांगतो की तो भिंतीपासून वीतभर पुढे घ्या.

एका विद्यार्थ्याचा जुना संगणक आला. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्याचा प्रोसेसर जुन्या पिढीचा, विंडोज ११च्या अटींत बसत नाही. त्याला वाटत होतं नवीन मशीन घ्यावं लागेल, आणि घरी ते शक्य नव्हतं. मी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, लिनक्स बसवलं, टायपिंग आणि इंटरनेट दाखवलं. त्याला अभ्यासाला पुरे. विकण्यापेक्षा वाचवण्यात मला जास्त समाधान मिळतं, हे मी मनापासून सांगतो.

दुपारी साडेतीन

कोर्टाजवळच्या एका वकीलसाहेबांकडे. नव्या मशीनवर त्यांचे जुने अर्ज उघडले की पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कारण कृतिदेव. तो फाँट खरं तर इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर देवनागरीची चित्रं बसवतो. फाँट असला तर हिंदी दिसतं, नसला तर खिचडी. फाँट बसवून दिला, आणि नवं काम युनिकोडमध्ये करा म्हणून विनवलं. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा आहे. तिथे लिहिलेलं कुठल्याही मशीनवर, पंचवीस वर्षांनीही, देवनागरीच राहील.

याच शहरात माधवराव सप्रे राहिले. मराठी घरातला माणूस, १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं, टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. त्यांच्या नावाच्या शाळेवरून जाताना मला माझं कामही त्या वाटेवरचंच वाटतं, लहान असलं तरी. इथल्या माणसाचं लिहिलेलं त्याला उद्याही वाचता यावं, एवढंच मी पाहतो.

आणि इथेच मला बारा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवते. मी नवा होतो. एका निवृत्त गुरुजींचा संगणक अडकत होता. मी विचारलं, "गुरुजी, डेटा डी ड्राइव्हमध्ये आहे ना?" ते हो म्हणाले. मी सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज नव्याने घातलं. त्यांनी छत्तीसगढी हाने, म्हणजे इकडच्या म्हणी, दहा वर्षं गावोगाव फिरून जमवल्या होत्या. ती फाइल होती डेस्कटॉपवर. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि मी पाहिलं नाही.

दोन रात्री बसून काढायचा प्रयत्न केला. हार्ड डिस्कवरून पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही, त्याची फक्त नोंद जाते, त्यावर दुसरं लिहिलं जाईपर्यंत ते परत मिळू शकतं. पण मी त्याच जागेवर अख्खं विंडोज लिहून बसलो होतो. गुरुजी म्हणाले, "बने हे बेटा, फेर लिखबो." त्यांनी पुन्हा वही घेतली. पण ज्यांनी ते हाने सांगितले होते, त्यांतली काही म्हातारी माणसं तोवर उरली नव्हती.

तेव्हापासून कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी मी विचारतो, "यात असं काय आहे, जे दुसरीकडे कुठेच नाही?" आणि ते आधी माझ्या रिकाम्या डिस्कवर उतरवून घेतो.

संध्याकाळी साडेपाच

समता कॉलनी. ऑफिसात सगळे वाकून बसलेले, चहा गार झालेला. बॅटरी बदलायला पाच मिनिटं. तेवढ्यात प्रिंटर फिका पडला. टोनरचं १२ए कार्ट्रिज काढून हलवलं, आणखी वीसेक पानं निघतील एवढा जीव आला, आणि नवं भरलेलं लावून दिलं. टॅलीच्या डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. ती नुसती घेतली नाही, दुसऱ्या मशीनवर उघडून ताळेबंद दिसतो का ते ताईंना दाखवलं. न उघडलेल्या प्रतीवर मी विश्वास ठेवत नाही. निघताना ताई म्हणाल्या, "आज सकाळी तुम्ही फोन उचलला म्हणून निभावलं." अशा एका वाक्यावर दिवसाचं ऊन विसरतो.

रात्री ८

आमच्याच गल्लीतल्या आजी. मुलगा पुण्याला. "काय करून राहिला रे दिवसभर? सकाळपासून वाट पाहते." त्यांच्या फोनची जागा भरली होती, आजोबांचे फोटो त्यात. फोटो लॅपटॉपवर आणि एका डिस्कवर उतरवले. ती डिस्क मुलगा पुण्याला नेणार.

आजींना मी दर वेळी एक गोष्ट सांगतो. स्क्रीन दुरून पाहायचं जे अ‍ॅप मी दुरुस्तीला वापरतो, तेच ठगही वापरतात. तुम्ही मला बोलावलं तर ठीक. न बोलावता कुणी फोन करून ते टाकायला सांगितलं, तर फोन ठेवा. पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक करत नाहीत. पैसे गेलेच तर क्षणाचाही वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, १९३०वर, फोन करा. हा आकडा मी त्यांच्या देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.

रात्री १०

जेवण झालं. वहीत दिवस लिहितो: कुठे गेलो, काय बिघडलं होतं, का बिघडलं होतं. मग वहीच्या पानाचा फोटो काढून दुसरीकडे ठेवतो.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने सोपा केलेला एक नियम आमच्या धंद्यात सगळे मानतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. मशीन मी दुरुस्त करून देईन, नाही झालं तर दुसरं मिळेल. तुम्ही लिहिलेलं, जमवलेलं, आपल्या माणसांचं टिपलेलं मी परत आणू शकेनच असं नाही. म्हणून आज झोपण्यापूर्वी स्वतःला एवढं विचारा: माझ्याकडे असं काय आहे, जे दुसरीकडे कुठेच नाही? त्याची प्रत आजच करा, आणि ती एकदा उघडून पाहा.