चाकांवरचं घर – लेखांक 6 : ओढणं वेगळं, पेलणं वेगळं

अमेरिकेत पेट्रोलला 'गॅस' म्हणतात. त्यामुळे तिथला 'गॅस ट्रक' म्हणजे आपल्याकडची सीएनजीवर धावणारी गाडी नव्हे, तर पेट्रोल इंजिनाची पिकअप. मागच्या लेखांकात आपण ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि चार-सहा जणांच्या झोपण्याची सोय असलेलं ओढून न्यायचं घर पाहिलं. हे घर कशानं ओढायचं, या प्रश्नाला विक्रेत्याकडे एका आकड्याचं उत्तर तयार असतं : हा ट्रक 11,000 पौंड ओढतो, तुमचा ट्रेलर 7,000 पौंडांचा आहे, मग काळजी कसली? माझं म्हणणं असं की हा आकडा खोटा नसला तरी कुटुंबाच्या कामाचा नाही. ओढण्याची ताकद संपण्याच्या कितीतरी आधी ट्रकची पेलण्याची ताकद संपते. ट्रक निवडताना सुरुवात इंजिनापासून नव्हे, या दुसऱ्या आकड्यापासून केली पाहिजे.

ज्यानं बैलगाडी भरली आहे त्याला यातलं मूळ तत्त्व सांगावं लागत नाही. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त झालं की बैलांच्या माना दबतात. ट्रेलरचंही तसंच आहे. त्याचा पुढचा दांडा ट्रकच्या मागच्या हिचवर, म्हणजे जोडावर, टेकतो आणि तिथे काही भार खाली दाबतो. याला 'टंग वेट' म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा लागतो. तो कमी झाला तर ट्रेलर उलाळ होतो आणि महामार्गावरच्या वेगात शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे डुलू लागतो. हे डुलणं एकदा वाढलं की ट्रेलर ट्रकलाच फिरवून टाकतो. म्हणून हा दाब कमी करून वजन वाचवणं हा मार्गच नाही. तो असायलाच हवा, आणि तो ट्रकनं आपल्या पाठीवर पेलायला हवा. चाकांवर चालणारा ट्रेलर ट्रकच्या मागून येतो हे डोळ्यांना दिसतं. त्याचा आठवा-दहावा हिस्सा ट्रकवर बसून प्रवास करतो, हे मात्र दिसत नाही.

मग ओढण्याचा आकडा येतो कुठून? पूर्वी प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीनं ठरवत असे आणि चढाओढीत तो फुगत असे. 2008 मध्ये 'एसएई जे2807' हे प्रमाण प्रसिद्ध झालं. टोयोटानं 2011 च्या मॉडेलांसाठी ते सर्वांत आधी स्वीकारलं, आणि 2015 च्या सुमारास फोर्ड, जनरल मोटर्स आणि रॅम यांच्या हाफ-टन, म्हणजे नेहमीच्या हलक्या वर्गातल्या, पिकअपही त्याच मापानं मोजल्या जाऊ लागल्या. या प्रमाणातली सर्वांत कठीण परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या चढाची आहे. राज्य मार्ग 68 वर 11.4 मैल, म्हणजे सुमारे 18 किलोमीटर चढत जायचं, बाहेर किमान 38 अंश सेल्सियस तापमान, एसी पूर्ण सुरू, आणि वेग ताशी 40 मैलांच्या खाली जाता कामा नये. परीक्षा चांगली आहे. ती इंजिन, गिअरबॉक्स आणि थंड ठेवणारी यंत्रणा तपासते. पण तिची गृहीतं वाचली की तिची मर्यादाही कळते. ट्रकमध्ये फक्त दोन माणसं, प्रत्येकी 150 पौंड, सोबत हिचचं सामान, आणि दांड्याचा भार 10 टक्के. मागच्या सीटवर मुलं नाहीत, हौद्यात सायकली नाहीत, लाकडं नाहीत, कूलर नाही. सुट्टीवर निघालेलं कुटुंब या गृहीतांत बसत नाही.

कुटुंबाचा आकडा दुसरीकडे लिहिलेला असतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक पिकअपच्या ड्रायव्हरच्या दाराजवळ, दार उघडल्यावर दिसणाऱ्या खांबावर, पिवळ्या पट्ट्याचं एक स्टिकर असतं. त्यावर टायरमधल्या हवेच्या दाबासोबत एक वाक्य असतं : माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको. हाच त्या विशिष्ट गाडीचा पेलोड. जाहिरातीत तीन हजार पौंडांच्या आसपासचे पेलोडही दिसतात, पण ते सहसा साध्या केबिनच्या, दोन चाकांना ताकद देणाऱ्या, कमीत कमी सुविधांच्या गाडीचे असतात. चार दारांची मोठी केबिन, चारही चाकांना ताकद, काचेचं छत, चामड्याच्या विजेवर हलणाऱ्या सीट, असं एकेक जोडत गेलं की प्रत्येक गोष्टीचं वजन याच आकड्यातून वजा होतं. सजवलेल्या हाफ-टन ट्रकच्या स्टिकरवर 1,400 ते 1,700 पौंड ही नेहमीची श्रेणी आहे. त्यामुळे एकाच मॉडेलच्या, एकाच इंजिनाच्या, शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांत कित्येकशे पौंडांचा फरक निघू शकतो, आणि स्वस्त गाडी जास्त पेलते.

आता हिशेब मांडू. ट्रेलर पाणी, स्वयंपाकाच्या गॅसची टाकी, भांडी, अंथरूण-पांघरूण यांसह 7,000 पौंड, म्हणजे सुमारे 3,175 किलो. दांड्याचा भार 13 टक्के धरला तर 910 पौंड. भार वाटून देणारी हिच स्वतः 90 पौंडांची. आई-वडील आणि दोन मुलं मिळून 500. हौद्यातलं किरकोळ सामान 150. बेरीज 1,650 पौंड, म्हणजे साधारण 750 किलो. स्टिकरवर 1,500 असेल तर हा ट्रक 150 पौंडांनी जास्त लादला गेला, आणि तेही ओढण्याच्या आकड्यात 4,000 पौंड शिल्लक असताना. अमेरिकेतल्या मराठी घरांत इथे आणखी एक भर पडते. उन्हाळ्यात भारतातून आजी-आजोबा येतात आणि सहल त्यांच्यासाठीच आखलेली असते. चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसं बसवायला बहुतेक राज्यांत बंदी आहे, आणि जिथे नाही तिथेही ते करू नये. म्हणजे तीही दोघं ट्रकमध्येच बसणार. पुढे सलग बाक असलेल्या गाडीत सहा जण बसतात खरे, पण वजनात सुमारे 300 पौंड वाढले. ट्रेलर निवडताना पहिल्यांदा डोळ्यांपुढे येणारं कोरडं वजनही फसवं असतं. त्यात पाणी नसतं, सामान नसतं. 40 गॅलन पाणीच 330 पौंडांचं होतं.

यावर अनुभवी मंडळी दोन आक्षेप घेतात. पहिला असा की भार वाटून देणारी हिच दांड्याचा काही भाग ट्रेलरच्या धुऱ्यांकडे परत ढकलते, मग संपूर्ण 910 पौंड ट्रकच्या खात्यात का लावायचे? हे यांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. नीट बसवलेल्या हिचनं ट्रकवरचा भार शंभर-दीडशे पौंडांनी कमी होतो. पण तिचं मुख्य काम ट्रकच्या पुढच्या चाकांवरून उचलला गेलेला भार पुन्हा त्यांवर आणणं हे आहे, म्हणजे सुकाणू आणि पुढचे ब्रेक पकड सोडणार नाहीत. ती परत ढकलते त्यातला बराचसा भाग तिच्या स्वतःच्या वजनातच जातो. काठावरच्या हिशेबाला ती थोडा दिलासा देते. तीनशे पौंडांची तूट तिनं भरून निघत नाही. दुसरा आक्षेप हवेच्या फुग्यांचा. मागच्या स्प्रिंगांजवळ हवेचे फुगे बसवले की बसलेला ट्रक पुन्हा समतल होतो. दिसायला गाडी सावरते, पण धुरा, बेअरिंग, चाकं, टायर आणि ब्रेक तेच राहतात. कंपनीनं ठरवलेली कमाल वजनाची मर्यादा फुग्यांनी वाढत नाही. हा उपाय मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण ओझं जास्त झाल्याची जी एक खूण डोळ्यांना दिसत होती ती त्यानं पुसली जाते.

तर मग करायचं काय? सहा-सात हजार पौंडांच्या पुढचा ट्रेलर आणि चार किंवा अधिक माणसं असतील, तर थ्री-क्वार्टर-टन वर्गातली पेट्रोल पिकअप घ्यावी, हा माझा कौल आहे. फोर्डची एफ-250, शेवरले आणि जीएमसीची 2500, रॅमची 2500 या त्या गाड्या. यांतल्या अनेकांची एकूण मंजूर वजनमर्यादा 10,000 पौंडांच्या आसपास असते आणि पेट्रोल इंजिनासह स्टिकरवर तीन हजार पौंडांच्या आसपासचा आकडा सहज सापडतो. वरच्या कुटुंबाचा आजी-आजोबांसकट हिशेब 1,950 पौंडांचा. तो इथे आरामात बसतो. या गाड्यांची पेट्रोल इंजिनं मुद्दाम साधी ठेवलेली आहेत. 2020 च्या मॉडेलांपासून आलेलं फोर्डचं 7.3 लिटरचं व्ही-8 जुन्या पद्धतीचं, टर्बो नसलेलं, 430 अश्वशक्तीचं आहे. त्याच वर्षी आलेलं जनरल मोटर्सचं 6.6 लिटरचं इंजिन 401 अश्वशक्ती देतं. जड कामात वर्षानुवर्षं टिकणं हा त्यांच्या रचनेमागचा हेतू दिसतो.

इथे डिझेलवाले हमखास हात वर करतात, आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. डिझेलची पिळाची ताकद दुपटीहून जास्त असते, घाट उतरताना एक्झॉस्ट ब्रेक गाडीला धरून ठेवतो, ओढताना मैलामागे इंधन कमी लागतं. हे सगळं खरं. पण डिझेल इंजिन आणि त्याच्याबरोबर येणारी यंत्रणा शेकडो पौंडांनी जड असते, आणि वजनाची एकूण मर्यादा तीच राहिली तर तेवढा पेलोड कमी होतो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मोठा ट्रक घेतला तीच अंशतः परत द्यायची, आणि वर साधारण दहा हजार डॉलर जास्त मोजायचे. शिवाय आठवडाभर शाळा, ऑफिस आणि किराणा अशा छोट्या फेऱ्या झाल्या तर धुरातली काजळी जाळणाऱ्या गाळणीला लागणारी लांब, गरम धाव मिळत नाही. वर्षाकाठी हजारो मैल ओढणाऱ्यांनी, किंवा ट्रकच्या हौद्यात टेकणारा मोठा फिफ्थ-व्हील ट्रेलर असणाऱ्यांनी डिझेलच घ्यावं. वर्षात सात-आठ सहली करणाऱ्या कुटुंबाला मात्र त्या ताकदीचा उपयोग थोडा आणि तिच्या वजनाचा भार कायमचा.

पेट्रोलचा एक दोष मात्र झाकण्यात अर्थ नाही. टर्बो नसलेलं इंजिन उंचीवर दम सोडतं. दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद जाते असा ढोबळ हिशेब आहे. कोलोरॅडोत इंटरस्टेट 70 वरचा आयझेनहावर बोगदा 11,158 फुटांवर आहे, म्हणजे तिथे पोचेपर्यंत जवळपास तिसरा हिस्सा गेलेला असतो. फोर्डचं 3.5 लिटरचं इकोबूस्ट किंवा टोयोटा टुंड्राचं 3.4 लिटरचं इंजिन टर्बोमुळे हवा दाबून घेतं, म्हणून उंचीवर कमी हरतं. डोंगरातच राहणाऱ्यानं, ट्रेलर पाच हजार पौंडांच्या आत ठेवून, असा टर्बो हाफ-टन घेतला तर ती निवड मला पूर्ण योग्य वाटेल. बाकीच्यांना एवढंच सांगतो की चढावर व्ही-8 चार-साडेचार हजार फेऱ्यांवर ओरडू लागलं तर घाबरून जाऊ नये. ते इंजिन त्या फेऱ्यांसाठीच बांधलेलं असतं. उजव्या लेनमध्ये ताशी 45 मैलांनी चढत राहावं.

सपाट रस्त्यावर खरा शत्रू वारा असतो. ट्रॅव्हल ट्रेलर आठ फूट रुंद आणि दहा-अकरा फूट उंच, समोरून जवळजवळ भिंतच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला लागणारी शक्ती घनाच्या. ताशी 55 वरून 70 मैलांवर गेलं की वारा कापायला लागणारी शक्ती दुप्पट होते. ओढताना एका गॅलनमागे आठ ते दहा मैल मिळणं ही म्हणूनच इंजिनाची खोट नव्हे. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांना कायद्यानंच 55 ची मर्यादा आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप घरातून येतो. हा ट्रक वर्षातले तीनशे दिवस रिकामा फिरणार, तो कडक उसळतो, गॅरेजमध्ये मावत नाही, शहरात पेट्रोल पितो. हे मान्य करावंच लागतं, आणि याचं प्रामाणिक उत्तर कधी कधी ट्रक मोठा करण्यात नसून ट्रेलर लहान करण्यात असतं. साडेचार-पाच हजार पौंडांचा, बावीस-तेवीस फुटांचा ट्रेलर घेतला तर दांड्याचा भार सहाशे पौंडांच्या आसपास येतो आणि चांगल्या स्टिकरचा हाफ-टन पुरतो. जास्त पेलोडचं खास पॅकेज असलेले हाफ-टनही मिळतात, पण ते विक्रेत्याच्या अंगणात क्वचित उभे असतात, मागवून घ्यावे लागतात. माझा विरोध फक्त एका क्रमाला आहे. मोठा ट्रेलर आधी ठरवायचा, मग रोजच्या सोयीसाठी हाफ-टन घ्यायचा, आणि मधली तूट ओढण्याच्या आकड्याखाली झाकायची.

म्हणून विक्रेत्याकडे गेल्यावर माहितीपत्रक बाजूला ठेवून दार उघडावं आणि स्टिकरचा फोटो काढावा, प्रत्येक गाडीचा वेगळा. ट्रेलर आधीच घरी असेल तर तो प्रवासाला निघाल्यासारखा भरून, टाकीत पाणी घेऊन, ट्रक थांबतात त्या ठिकाणच्या कॅट स्केलवर, म्हणजे वजनकाट्यावर, न्यावा. एकदा नुसता ट्रक, एकदा हिच न ताणता जोडलेला ट्रेलर, एकदा ताणून. तिन्ही वेळा घरातली सगळी माणसं ट्रकमध्येच बसलेली असावीत. तीन पावत्यांतून दांड्याचा भार, मागच्या धुऱ्यावरचा भार आणि पुढच्या चाकांवर परत आलेला भार कागदावर दिसतो. ती हिच किती ताणायची, तिच्या कड्या कशा मोजायच्या, हे पुढच्या लेखांकात.