तापाचा कितवा दिवस?

विषमज्वराला, म्हणजे टायफॉइडला, मराठीत ‘मुदतीचा ताप’ असे जुने नाव आहे, आणि प्रयोगशाळा नसलेल्या काळातील वैद्यांनी रोग ओळखताना तापाचे दिवस मोजण्याला किती महत्त्व दिले होते, हे त्या एका शब्दातच दिसते. आज सातारा-सांगलीच्या तालुक्याच्या गावीही रक्त तपासण्याची सोय आहे. तरीही ताप कितव्या दिवसाचा आहे आणि रुग्ण कोणत्या पाण्याच्या सहवासात होता, हे दोन प्रश्न विचारल्याखेरीज योग्य तपासणी निवडता येत नाही, आणि निवडलेल्या तपासणीचा अर्थही लावता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला या दोन जिल्ह्यांत विशेष वजन आहे, कारण येथे पाण्याची दोन टोके एकाच नकाशावर आहेत. पश्चिमेला महाबळेश्वर-कोयनेचा धुवाधार पाऊस आणि खाली कृष्णा-वारणेचा पूर. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी आणि जत हे अवर्षणप्रवण तालुके. दुष्काळी गावात टँकरचे किंवा चार-आठ दिवसांनी येणारे नळाचे पाणी बॅरल, रांजण आणि हौदांत साठवावेच लागते, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास नेमका अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागत असल्याने आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासण्याचा ‘कोरडा दिवस’ आरोग्य विभाग पाळायला सांगतो. परंतु जिथे पाण्याचा थेंब मोलाचा, तिथे भरलेला हौद ओतून द्यायला सांगणे क्रूर ठरते, म्हणून तिथे घट्ट झाकण आणि डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे हाच व्यवहार्य उपाय आहे. डेंग्यूच्या विषाणूचे एनएस-1 हे प्रथिन पहिल्या पाचएक दिवसांत रक्तात सापडते, तर शरीराने त्याविरुद्ध तयार केलेली आयजीएम प्रतिपिंडे साधारण पाचव्या दिवसानंतर सापडू लागतात. त्यामुळे चुकीच्या दिवशी केलेली चाचणी निर्दोष आली तरी रोग नाही असे म्हणता येत नाही. घरच्यांचे सारे लक्ष ‘पेशी किती झाल्या’, म्हणजे रक्तातील प्लेटलेट किती, याकडे असते, परंतु खरा धोका बहुधा ताप उतरतानाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसांदरम्यान, रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागल्याने उद्भवतो, आणि पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त व अस्वस्थपणा ही त्याची पूर्वसूचना असते. या रोगावर विषाणूनाशक औषध नाही. मोजून दिलेले द्रव, तापासाठी पॅरासिटामॉल आणि काळजीपूर्वक देखरेख हाच उपचार आहे, आणि रक्तस्राव वाढवणारी अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके टाळावी लागतात.

पुराचा ताप वेगळा. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 45 फुटांची धोक्याची खूण ओलांडून 57 फुटांवर गेली. अशा वेळी उंदीर, गुरे आणि डुकरे यांच्या मूत्रातील लेप्टोस्पायरा हा जिवाणू पाण्यात व चिखलात मिसळतो आणि पायाच्या भेगांतून किंवा जखमांतून शरीरात शिरतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा पाच ते चौदा दिवस जात असल्यामुळे रुग्ण येऊ लागतात ते पाणी ओसरून लोक घरातला गाळ काढत असताना, पूर संपला असे सर्वांना वाटू लागल्यावर. अचानक भरलेला ताप, लाल डोळे आणि पोटऱ्या दाबल्यावर होणारी तीव्र वेदना ही खूण. दुर्लक्ष झाल्यास कावीळ होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. प्रतिपिंडांची चाचणी पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा नकारात्मक येत असल्याने संशयावरूनच औषध सुरू करावे लागते: सौम्य रोगात डॉक्सिसायक्लिन, तीव्र रोगात शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. उसाच्या पाणथळ सरीत अनवाणी काम करणाऱ्याला हा रोग पुराविनाही होऊ शकतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मुदतीच्या तापाचे निदान मात्र आजही सर्वाधिक बिघडते, आणि त्याचे कारण विडाल चाचणीवरचा अतिविश्वास हे आहे. ही चाचणी प्रतिपिंडे मोजते. ती दुसऱ्या आठवड्यात वाढतात, आणि जुन्या संसर्गामुळे किंवा लसीमुळेही सापडू शकतात, म्हणून तापाच्या दुसऱ्याच दिवशी ‘विडाल पॉझिटिव्ह’ म्हणून सलाइन लावून घेणाऱ्या रुग्णाला टायफॉइड असेलच असे नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे प्रतिजैविक देण्यापूर्वी, शक्यतो पहिल्या आठवड्यात, रक्तातील जिवाणू वाढवून पाहणे, म्हणजे ब्लड कल्चर. योग्य औषध मिळाल्यावरही ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात. ते कुणी समजावून न सांगितल्यामुळे तिसऱ्या दिवशी डॉक्टर आणि औषध दोन्ही बदलले जातात, आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू अशाच अर्धवट मात्रांतून वाढतात.

औषध हाती असण्याचे मोल या भूमीला इतिहासाने शिकवले आहे. प्लेगचा जिवाणू हाँगकाँगमध्ये 1894 साली ओळखला गेला, त्याच वर्षी मिशनरी डॉ. विल्यम वानलेस यांचे रुग्णालय मिरजेत उभे राहिले. परंतु ओळख पटली तरी उपचार नव्हता, आणि सातारा जिल्ह्यातील नायगावच्या कन्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी पुण्यात त्याच रोगाने गेल्या. क्षयरोगाचेही तसेच होते. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये दाखवला, तरी स्ट्रेप्टोमायसिन येईपर्यंतची सहा दशके पाचगणीची कोरडी हवा, वानलेसवाडीच्या आरोग्यधामातील विश्रांती आणि सकस अन्न एवढाच आधार होता.

आता दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्याची थुंकी सीबीनॅट यंत्रात तपासली की सुमारे दोन तासांत क्षयाचा जंतू आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला त्याने केलेला प्रतिकार, दोन्ही कळतात. नेहमीच्या क्षयाला दोन महिने चार औषधे आणि पुढे चार महिने तीन औषधे, असा सहा महिन्यांचा मोफत उपचार आहे. ऊसतोडीचा हंगाम मात्र त्याहून लवकर संपतो. दिवाळीच्या सुमारास बीडकडून आलेल्या टोळीतील मजुराला फडावर क्षय आढळला, तर कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे गाळप संपून, टोळी परतताना त्याच्या गोळ्यांचे काही महिने उरलेले असतात. निक्षय या राष्ट्रीय नोंदवहीतील त्याचा क्रमांक गावच्या आरोग्य केंद्राकडे वर्ग झाला, तर उरलेल्या गोळ्या त्याला तिथे मिळतात; म्हणून टोळी निघण्याआधी तो क्रमांक लिहिलेला कागद मुकादमाच्या नव्हे, मजुराच्या स्वतःच्या हातात असावा लागतो.