सोंगांची वहिवाट आणि कलाशाळेची सनद

तालिकोटच्या १५६५ च्या रणसंग्रामात विजयी झालेल्या हुसेन निजामशहाच्या गौरवार्थ नगरच्या दरबारी सिद्ध झालेला ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हा सचित्र फारसी काव्यग्रंथ आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जतन केलेला आहे, आणि दख्खनी लघुचित्रशैलीचा आरंभ शोधू पाहणाऱ्या विद्वानांनी त्याच्या रंगांवर, रेषांवर, इतकेच नव्हे तर पुढे कुणीतरी खरवडून टाकलेल्या बेगम खुंझा हुमायूनच्या आकृतीवरही परिश्रमपूर्वक लिहिले आहे. त्याच नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, पश्चिम टोकास कळसूबाईच्या पायथ्याचा जो अकोले तालुका, तेथील आदिवासी गावांत बोहाड्यासाठी घडणाऱ्या मुखवट्यांना मात्र असा भाष्यकार सहसा लाभत नाही. एक कला दरबारी आणि दुसरी रानातली, एवढ्यावर या भेदाचे निरूपण संपत नाही. पहिलीचे कर्ते कालवश झाले आहेत आणि दुसरीचे हयात आहेत, हा भेद मला अधिक अर्थपूर्ण वाटतो.

बोहाडा हा उन्हाळ्यातला, पेरणीपूर्वीचा रात्रीचा उत्सव. संबळ वाजू लागतो, मशाली पेटतात, आणि गणपती, सरस्वती यांच्यामागून देव, दैत्य, राक्षस अशी एकेक सोंगे गावकऱ्यांच्या दुतर्फा रांगांमधून नाचत पुढे सरकतात. मुखवटा लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा असतो, आणि अमुक सोंग अमुक घराण्याने नाचवावे ही वहिवाट कित्येक ठिकाणी एखाद्या जुन्या वतनाइतक्या कसोशीने पाळली जाते. मशालीच्या हलत्या उजेडात, नाचणाऱ्या देहावर, दूर बसलेल्या म्हातारीलाही राक्षस ओळखू यावा अशा बेताने त्याचे डोळे, दात आणि रंग योजावे लागतात. म्हणजे प्रकाश, अंतर आणि गती या तिन्ही गोष्टींचा हिशेब त्या कारागिराने आधीच केलेला असतो, जो आमच्या कलाविद्यार्थ्याला पुढे शिल्पकलेच्या आणि नेपथ्याच्या वर्गांत स्वतंत्रपणे शिकावा लागतो.

आता अशा मुखवटेकाराचा मुलगा, समजा राजूरच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीतील एखाद्या आश्रमशाळेतून, चित्रकलेकडे वळला, तर त्याच्यापुढे प्रथम एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षा येतात. त्यांत वस्तुचित्र आहे, स्मरणचित्र आहे, संकल्पचित्र आहे, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन आहे. परंतु मुखवटा नाही, आणि वारल्यांच्या लग्नघरी भिंतीवर लिहिला जाणारा चौकही नाही. या व्यवस्थेचे मूळ मुंबईत आहे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून १८५७ साली जे कलाविद्यालय निघाले, त्याला लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेचे वळण मिळाले. त्याचे अध्यापक एतद्देशीय कलेविषयी उदासीन होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपले विद्यार्थी अजिंठ्यास नेऊन वर्षानुवर्षे भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. तथापि आदर झाला तो अशा परंपरेचा, की जिचा कर्ता वेतन मागावयास येणे शक्य नव्हते!

शांतिनिकेतनचे कलाभवन १९१९ साली निघाले आणि त्याने संथाळांचा शेजार मनापासून स्वीकारला. परंतु रामकिंकर बैज यांच्या १९३८ च्या शिल्पातला संथाळ परिवार कितीही भव्य असला, तरी तो शिल्पाचा विषय म्हणूनच तेथे उभा आहे. आपल्याकडे डहाणूचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात कागद आणि उत्तेजन दिले, वारली चित्र पॅरिसपर्यंत पोहोचले, २०११ साली पद्मश्री आली. हे सारे घडले ते कलाशाळेच्या कुंपणाबाहेर; आणि ज्या सवाष्णींनी तांदळाच्या पिठाने लग्नाचे चौक लिहिले, त्यांची नावे भिंतीबरोबरच पुसली गेली. उलट न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठात माओरी दृश्यकलेची स्वतंत्र पदवी आहे आणि ती माओरी अध्यापक शिकवितात.

आमच्याकडे हे होऊ शकत नाही, अशी सबब आता चालणार नाही. २०२३ साली मुंबईच्या त्याच कलाविद्यालयाला, म्हणजे जे. जे. ला, अभिमत विद्यापीठाची सनद मिळाली, तेव्हा स्वतःचा अभ्यासक्रम आखण्याची मुखत्यारीही तिच्यासोबत आली. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची जी तरतूद केली, तीत आपल्या क्षेत्रात दीर्घ अनुभव असलेल्या व्यक्तीस औपचारिक पदवीवाचून अध्यापक नेमता येते, आणि त्या क्षेत्रांत ललितकलाही आहे. एखाद्या कार्यशाळेपुरते बोलावून, शाल-श्रीफळ देऊन, संध्याकाळच्या एसटीने परत पाठविण्याचा जो रिवाज पडला आहे, तो या तरतुदीनंतर तरी बंद व्हावा.

म्हणून अभ्यासमंडळांवरील मंडळींस विनंती एवढीच, की येत्या बोहाड्याची एक रात्र त्यांनी अकोल्याच्या डोंगरात काढावी, आणि परतल्यावर अहवाल लिहिण्याआधी तेथल्या एका मुखवटेकाराच्या नेमणुकीचा, दरमहा पगारासह, प्रस्ताव मांडावा.